आतड्याची साक्ष

निहार, गार्गी,

मागच्या रविवारी व्हिडिओवर तुमच्या आईनं निहारला सगळ्यांसमोर विचारलं, "जीभ आवरता येत नाही, म्हणून आता आठवड्याला सुई टोचून घेतोस?" निहार हसला आणि त्यानं कॅमेरा बंद केला. तुमची आई माझीच मुलगी आहे, त्यामुळे ती चुकली असं म्हणायचा मला पूर्ण हक्क आहे. ती चुकली. कशी चुकली ते मला चांगलं माहीत आहे, कारण तेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत मी माझ्या नोकरीत अनेकांना ऐकवलं आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकानं "तुमच्या कामावर काहीतरी लिहा" म्हणून दोनदा निरोप पाठवला होता. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं होतं. आता लिहिते. त्यांना छापायचं तर छापू देत. तुम्ही मात्र शेवटपर्यंत वाचा, आणि आईलाही वाचून दाखवा.

मी एकतीस वर्षं भंडारा जिल्ह्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते. नागपूरला गृहविज्ञान शिकले, सगळं इंग्रजीतून. परत आले तेव्हा लोकांना वाटायचं, ही स्वयंपाकीणच आहे, फक्त पांढरा कोट घालते. अगदीच खोटं नव्हतं ते. अर्धा दिवस रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जायचा: कुणाला बिनमिठाचं, कुणाला पातळ, कुणाला दर दोन तासांनी. उरलेला अर्धा दिवस बाहेरच्या पेशंटांसाठी. गुरुवारी मधुमेहाची ओपीडी असायची. मोहाडीपासून अड्याळपर्यंतची माणसं सकाळी उपाशीपोटी यायची, रक्त द्यायची, बाहेर बसून डबा खायची आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायची. उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर. या दोन आकड्यांवर डॉक्टर औषध ठरवायचे आणि मी जेवण.

माझ्याकडे छापील यादी होती. दोन फुलके, एक वाटी वरण, एक सफरचंद, साय काढलेलं दूध. वर ठळक अक्षरात: भात बंद. ज्या जिल्ह्यात डोळे जातील तिथे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, तिथे मी भात बंद करत होते. सानगडीचे एक निवृत्त पोस्टमन महिनाभर ती यादी पाळून आले आणि साखर वाढलेलीच.

"मॅडम, एक शीत नाई खाल्लं भाताचं. पोराच्या लग्नात बी नाई."

"मग खाता काय?"

"तांदळाची भाकर. तीन."

"अहो, ती तांदळाचीच ना?"

"भाकर हाये न ते! भात कुठं हाये त्याच्यात?"

मी त्यांच्यावर चिडले. आज वाटतं, चिडायचं तर माझ्या यादीवर चिडायला हवं होतं. फुलके त्यांच्या घरी कुणी करतच नव्हतं. मी मात्र यादी तशीच वाटत राहिले. कागद नीट होता, समास सोडलेले होते, वाट्यांची मापं होती. नीटनेटकं असलं की बरोबर असतं, असा माझा तेव्हा समज होता.

शेवंताबाई त्या काळात यायच्या. अड्याळजवळच्या एका खेड्यातल्या. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक, चार एकर धानाची शेती. उपाशीपोटीची साखर ठीकठाक, पण जेवणानंतरची आभाळाला टेकलेली. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, आकडा हलला नाही. शेवटी ते मला म्हणाले, "ही बाई चोरून खाते. तुम्ही विचारा."

मी विचारलं नाही. मी सरळ सांगितलं. गुरुवारची गर्दी होती, बाकावर वीसेक माणसं बसलेली, आणि मी मोठ्या आवाजात म्हणाले, "शेवंताबाई, मशीन खोटं बोलत नाही. तुम्ही घरी चोरून खाता."

बाकावर कुणीतरी खुसकन हसलं. शेवंताबाईंनी पदर नीट केला.

"नाई खात मी, मॅडम."

"सगळे असंच म्हणतात."

एवढंच. माझ्यासाठी तो गुरुवारचा एकविसावा पेशंट होता. पण बाकावर त्यांच्या गावच्या दोन बाया बसल्या होत्या.

त्यानंतर शेवंताबाई आल्या नाहीत. तीन महिन्यांनी त्यांचा मुलगा प्रकाश एकटाच गोळ्या न्यायला आला. पेशंट आणल्याशिवाय गोळ्या मिळणार नाहीत, असं मी त्याला सांगितलं. 

"माय येत नाई. लाज वाटते तिले. गावात सारे म्हनते, शेवंता लपून खाते. लग्नाच्या पंगतीत बसली त बाया तिच्या पानाकडं पाहून राहिल्या होत्या. उठून आली ते. घरी बी वनितानं, म्हंजे माह्या बायकोनं, गुळाचा डबा कुलपात ठेवला. चाबी तिच्याच कमरेले."

"बरं केलं," मी म्हणाले. हो, असंच म्हणाले मी.

"पन मॅडम, एक इचारू? डबा कुलपात जाऊन दोन महिने झाले. साखर त तेवढीच हाये. उपकेंद्रातल्या सिस्टरनं तपासली. मंग ते खाते काय?"

 अख्ख्या रुग्णालयात हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता, आणि तो विचारला कोणी, तर बारावी नापास शेतकऱ्यानं.

आता थोडं शास्त्र सांगते. कंटाळू नका, निहारची सुई यातच आहे.

आपण समजतो की आतडं म्हणजे नळी. अन्न वरून टाकलं, खालून गेलं, मधे रस निघाला. तसं नाही. आतड्याच्या अस्तरात अशा पेशी आहेत ज्या आलेल्या अन्नाची चव घेतात. तोंडाच्या चवीसारखी नव्हे, पण काय आलंय, किती आलंय, ते त्यांना कळतं. कळलं की त्या रक्तात संप्रेरकं सोडतात. संप्रेरक म्हणजे शरीरातला निरोप. एक निरोप स्वादुपिंडाला जातो: साखर येतेय, इन्सुलिन तयार ठेव. एक जठराला जातो: सावकाश सोड, घाई करू नकोस. एक मेंदूला जातो: आता पुरे. रिकाम्या जठरातून उलटाही निरोप निघतो, भूक लागली असा, आणि तो रोजच्या जेवणाच्या वेळेला घड्याळासारखा येतो.

प्रशिक्षणात आम्हाला एक जुना प्रयोग सांगितला होता. रक्तातली साखर तेवढीच वाढेल अशा बेतानं ग्लुकोज एकदा शिरेतून दिलं आणि एकदा तोंडानं पाजलं. तोंडानं दिल्यावर इन्सुलिन कितीतरी जास्त निघालं. साखर तीच, मग फरक कशाचा? आतड्याच्या निरोपाचा. मधुमेहात हा निरोप नीट काम करत नाही. निरोप पोचतो, पण त्याचं वजन पडत नाही. आणि शरीर हा निरोप दोन-चार मिनिटांत मोडूनही टाकतं. निहार घेतो त्या औषधात त्याच निरोपाची नक्कल आहे, लवकर न मोडणारी. म्हणून त्याची साखर सुधारते आणि म्हणूनच भूक कमी होते. त्यात आळस कुठे आला? चष्मा लावणाऱ्याला आपण "डोळे आवरता येत नाहीत का" असं विचारत नाही. (निहार, म्हणून मनानं डोस वाढवायचा नाही, मनानं बंदही करायचा नाही. मळमळ होते ती डॉक्टरला सांग. आणि डाळी-अंडी सोडू नकोस, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातील.)

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं, इंग्रजीतून, छान अक्षरात. पण बाकावर बसलेल्या बाईच्या पोटातही तेच आतडं आहे, हे डोक्यात आलं नव्हतं.

प्रकाशच्या प्रश्नानंतर मी दोन दिवसांची रजा टाकली, बोटातलं रक्त तपासायचं लहान यंत्र पिशवीत घातलं आणि अड्याळच्या पहिल्या बसमध्ये बसले. डॉक्टर म्हणाले, "आहारतज्ज्ञ घरोघर जेवायला कधीपासून जायला लागले?" मी म्हणाले, "आजपासून."

कापणी संपली होती, घरामागच्या सांदवाडीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचे वेल भरले होते. मला पाहून शेवंताबाई आत निघून गेल्या. त्यांचे यजमान धर्माजी छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाटेवर बसले होते. त्यांनी पाणी दिलं, पण "काहून आल्या?" हेही लगेच विचारलं.

"शेवंताबाईंचं जेवण बघायला."

"पाहा मंग. चाबी सुनेजवळ हाये."

त्या दिवशी मी सकाळपासून शेवंताबाईंची पाठ सोडली नाही. चुलीपाशी, विहिरीवर, गोठ्यात. त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. जेवणं झाली ती अशी. आधी धर्माजी आणि प्रकाश. मग सून वनिता. ती अंगणवाडीत मदतनीस, तिला वेळेवर पोचायचं असतं, म्हणून सासूच तिला वाढते. हे मला अपेक्षित नव्हतं. मी मनात सुनेला खलनायिका करून ठेवलं होतं. सगळे उठल्यावर शेवंताबाई बसल्या. उसळ संपली होती. वांग्याची भाजी संपली होती. वरणाच्या गंजात तळाला जे चिकटलं होतं, त्यात त्यांनी कढत पाणी घालून खंगाळलं आणि ते पाणी भातावर ओतलं. मीठ, मिरची. पाच-सहा मिनिटांत जेवून उठल्या, कारण गाईला पाणी दाखवायचं राहिलं होतं.

माझ्या यादीतल्या दोन फुलक्यांच्या मानानंही तो भात कमी होता.

दोन तासांनी बोट टोचलं. दोनशे शहाऐंशी. दिवसभरात गूळ नाही, साखर नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. बाई माझ्या डोळ्यांसमोर होती. चोरी करायला जागाच नव्हती.

तोवर इतकी वर्षं मी लोकांना दोनच गोष्टी विचारल्या: काय खाता आणि किती खाता. कशाच्या आधी खाता, किती घाईनं खाता आणि कुणाच्या नंतर खाता, हे कधी विचारलं नाही. या बाईच्या आतड्यात भाजी पोचत नव्हती, डाळ पोचत नव्हती. नुसता मऊ भात आणि पाणी, तेही एका दमात. जठरातून सगळं सरळ खाली, आणि ज्यानं निरोप द्यायचा तो आधीच दुबळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छपरीत सगळ्यांसमोर सांगितलं, "आज शेवंताबाई तुमच्याबरोबर जेवतील. आधी उसळ आणि घट्ट वरण, सावकाश. मग पाव तास थांबून भात, कालच्या एवढाच."

धर्माजी खाटेवरून उठले. "बाई, तुमी पाहुन्या हा, म्हनून ऐकून घेतो. पन घरधनीन मानसाच्या पंगतीत बसन आन हे पोरगी वाढन? गाव काय म्हनन?"

"गावानं म्हणून झालंय, धर्माजी. चोर म्हटलंय. आता याच्यावर आणखी काय म्हणणार आहे?"

 उत्तर शेवंताबाईंनीच आतून दिलं. दोन दिवसांतलं माझ्याशी पहिलं वाक्य.

"मले नाई जमाचं. सारे जेवल्याबिगर मले घास नाई उतरत. तोंडात फिरन."

"फिरू द्या."

"तुमाले काय जाते सांगाले? उद्या तुमी बसमधी बसून जान."

खरं होतं. मला काय जात होतं? तेवढ्यात वनितानं ताट घेतलं, पाट मांडला आणि उसळ वाढली. वाटीभर नव्हे, चांगली दोन वाट्या.

"आत्याबाई, बसा."

"तुले अंगनवाडीत जाचं हाये न?"

"जाईन न मी उशिरा. बसा म्हनते न!" आणि मग खाली बघत, "डब्याले कुलूप मी लावलं होतं. आता वाढू त द्या."

शेवंताबाई बसल्या.  धर्माजींनी भिंतीकडे तोंड केलं.  प्रकाशनं मोबाइलवर पाव तासाची वेळ लावली होती, ती वाजली, मग भात वाढला. दोन तासांनी यंत्र सगळ्यांच्या मधे ठेवून बोट टोचलं. एकशे ब्याण्णव.

वनितानं कालचा आकडा विचारला आणि डोळ्याला पदर लावला. शेवंताबाईंना मात्र कारण हवं होतं. "तांदूळ त तेवढाच व्हता. मंग?"

तुम्ही चोरून खात नव्हता, हे आधी कबूल केलं आणि मग मी त्यांना धानाच्या भाषेत सांगितलं. तलावाचं पाणी न सांगता एकदम सोडलं, तर धुरे, म्हणजे बांध, फुटतात आणि बांधी वाहून जाते. कुणी आधी धावत जाऊन सांगितलं की पाणी येतंय, तर लोक धुरे बांधतात, वाट करून ठेवतात. आतड्यातून तसा निरोप्या धावतो. उसळ आधी गेली की त्याला वेळेवर कळतं, शिवाय पाणीही हळूहळू सुटतं.

"म्हंजे माह्या पोटातला निरोप्या आळशी हाये?"

"आळशी नाही, थकलेला आहे. आणि तुम्ही त्याला वरणाच्या पाण्यावर ठेवलं होतं."

त्या पहिल्यांदा हसल्या. "त त्याले बी सारे जेवल्यावरच भेटत व्हतं म्हना."

एका दिवसाच्या आकड्यानं काही सिद्ध होत नाही, हे डॉक्टरांनी मला ऐकवलं, आणि ते बरोबर होतं. म्हणून प्रकाशनं माझं यंत्र ठेवून घेतलं आणि महिनाभराचे आकडे आणले. रोज सारखे नव्हते. लग्नघरी जेवलेल्या दिवशी चढलेले होते. पण डोंगराचा उतार दिसत होता. मधुमेह गेला नाही, गोळ्या सुटल्या नाहीत. सुटतील असं मी कधी सांगितलंही नव्हतं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "हं. शेवटी ऐकलं म्हणायचं बाईनं." मी म्हणाले, "बाईनं नाही साहेब, आपण ऐकलं." त्यांना ते आवडलं नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात ते दोन मिनिटंच बोलले. चालायचंच.

छापील यादी मी त्याच आठवड्यात रद्दीत घातली. नव्या कागदावर पहिला प्रश्न लिहिला: घरात तुम्ही कितव्या नंबरानं जेवता? पुरुषांना हा प्रश्न कळायचाच नाही. बायकांना एका क्षणात कळायचा. आधीच्या वर्षांत मी ज्यांना ज्यांना खोटं ठरवलं, त्यांचे पत्ते माझ्याकडे नव्हते. हे तुम्हाला सांगते, कारण तुमच्या आईकडे निहारचा पत्ता आहे.

शेवंताबाई स्वतः आल्या त्या गुरुवारीही बाक भरलेला होता. त्या रांगेत बसल्या नाहीत, सरळ माझ्या टेबलापाशी आल्या. मी बोट टोचायला हात पुढे केला. त्यांनी हात पदराखाली घेतला.

"थांबा, मॅडम. मले तुमी इथंच चोर म्हनलं व्हतं. घरी येऊन तुमी नाई म्हनलं, ते आमच्या छपरीत. माह्या गावच्या बाया छपरीत नव्हत्या. इथं व्हत्या. आज बी हायेत, पाहा."

खरंच होत्या. त्याच दोघी, तिसऱ्या बाकावर.

"आत बसून बोलू या का?" मी म्हणाले. वयानं, शिक्षणानं आणि कोटानं माझी जीभ आत ओढली.

"कायले आत? तवा बाहेर बोलल्या न?"

डॉक्टरांच्या खोलीचा दरवाजा उघडाच होता. मी उभी राहिले. तोवर ओपीडीत मी आवाज चढवला तो दुसऱ्यांना गप्प करायला. त्या दिवशी तेवढ्याच आवाजात म्हणाले, "ऐका सगळे. मी या शेवंताबाईंना इथं चोरून खाणारी म्हणाले होते. ते खोटं होतं. यांनी कधी चोरून खाल्लं नाही. उलट घरातल्या सगळ्यांपेक्षा याच कमी खात होत्या. चूक माझी होती."

 त्या दोघींतली एक पुटपुटली, "आमी कुठं काय म्हनलं?"

शेवंताबाईंनी तिकडं मान वळवून पुरेसा वेळ बघितलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि बोट टेबलावर ठेवलं.

"हं. टोचा आता."